सिकलसेल, स्टेम सेल आणि आपण : खरा इलाज कोणता, विकली जाणारी आशा कोणती?

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत सिकलसेल हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आपल्या वस्त्यांमध्ये, गोंड-माडियांच्या गावांमध्ये, आश्रमशाळांमध्ये तो रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. ‘स्टेम सेल’ हा शब्द मात्र अलीकडे कानावर पडू लागला आहे. कुठे व्हॉट्सॲपवर आलेल्या व्हिडिओतून, कुठे शहरातल्या दवाखान्याच्या जाहिरातीतून, तर कुठे बाळाच्या नाळेतले रक्त साठवून ठेवा म्हणून फोन करणाऱ्या एजंटकडून. वस्त्यांमध्ये काम करताना पालक आम्हाला हमखास विचारतात, “स्टेम सेलनं सिकलसेल बरा होते म्हणते, खरं हाय का?”

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘होय’ असे आहे. पण ते कोणत्या स्टेम सेलने, कुणाचा आणि कोणत्या किमतीला, हे कळल्याशिवाय हे ‘होय’ धोक्याचे ठरते. खरा इलाज आणि त्याच्या नावावर विकली जाणारी आशा यांतला फरक आपल्या तरुणांना आणि कार्यकर्त्यांना स्वतः समजला पाहिजे, कारण गावात पहिला प्रश्न त्यांनाच विचारला जातो.

मूळ पेशी म्हणजे काय?

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. बहुतेक पेशींचे काम ठरलेले असते. तांबडी पेशी प्राणवायू वाहते, स्नायूची पेशी आकुंचन पावते, मज्जापेशी संदेश नेते. एकदा काम ठरले की ते बदलत नाही. काही थोड्या पेशी मात्र अशा असतात की त्या स्वतःसारखी नवी पेशी तयार करू शकतात आणि गरजेप्रमाणे दुसऱ्या प्रकारची पेशीही घडवू शकतात. त्यांना स्टेम सेल किंवा मराठीत मूळ पेशी म्हणतात.

आपल्या भागातलेच उदाहरण घ्यायचे तर बांबूचे बेट बघा. पावसाळ्यात नवे वास्ते वर येतात, त्यांचे बांबू होतात, बांबू तोडले जातात. जमिनीखालचा कंद मात्र शाबूत राहतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा वास्ते देतो. मूळ पेशी या त्या कंदासारख्या आहेत.

मूळ पेशींचे ढोबळमानाने तीन प्रकार सांगता येतील. पहिला प्रकार गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेतील पेशींचा. त्यांच्यापासून शरीरातली कोणतीही पेशी बनू शकते. मानवी गर्भातल्या अशा पेशी प्रयोगशाळेत वाढवण्यात अमेरिकेतील जेम्स थॉमसन यांना १९९८ मध्ये यश आले. दुसरा प्रकार मोठ्या माणसांच्या शरीरात असलेल्या मूळ पेशींचा. त्या ठरावीक कुटुंबातल्याच पेशी बनवतात. रक्ताच्या मूळ पेशी रक्त बनवतात, त्वचेच्या मूळ पेशी त्वचा. तिसरा प्रकार माणसाने घडवलेला आहे. जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या त्वचेच्या पेशींना पुन्हा मूळ पेशींच्या अवस्थेत नेऊन दाखवले. त्यासाठी त्यांना २०१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारावर जगभर संशोधन चालू आहे. पण आज हजारो माणसांना बरे करणारा, दशकांच्या अनुभवाने सिद्ध झालेला उपचार आहे तो दुसऱ्या प्रकारातला, म्हणजे रक्ताच्या मूळ पेशींचा. सिकलसेलचा संबंध नेमका त्यांच्याशीच येतो. आणि या उपचारात गर्भातल्या पेशी लागत नाहीत.

बिघाड कुठे आहे?

रक्ताच्या मूळ पेशी हाडांच्या आतल्या मऊ गरात, म्हणजे अस्थिमज्जेत राहतात. डॉक्टर त्याला बोनमॅरो म्हणतात. तिथे दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात. निरोगी तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. तिच्यात हिमोग्लोबिन असते आणि हिमोग्लोबिन कसे बनवायचे याची सूचना आपल्या जनुकात लिहिलेली असते.

सिकलसेलमध्ये या सूचनेतले एकच अक्षर बदललेले असते. त्यामुळे हिमोग्लोबिनच्या एका साखळीतील सहाव्या जागेवर चुकीचा घटक बसतो. प्राणवायू कमी झाला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते आणि गोल, लवचीक पेशी ताठ होऊन विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हातपाय, पाठ, छाती यांत असह्य कळा येतात. पेशी १० ते २० दिवसांत मरतात, म्हणून रक्त कमी पडते. प्लीहा निकामी होते, जंतुसंसर्ग पटकन होतो, काही मुलांना लहान वयात पक्षाघातही होतो.

म्हणजे वाकडी पेशी हा परिणाम आहे. बिघाड आहे तो तिला जन्म देणाऱ्या मूळ पेशीत. रक्त चढवल्याने काही आठवडे बरे वाटते, कारण दुसऱ्याच्या चांगल्या पेशी आलेल्या असतात. पण त्या संपल्या की कारखाना पुन्हा जुनाच माल काढतो. कायमचा इलाज हवा असेल तर कारखाना बदलावा लागेल, नाही तर दुरुस्त करावा लागेल. सिकलसेल बरा करण्यासाठी आज सिद्ध झालेल्या वाटा याच दोन आहेत.

आपल्याच भागात का?

हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही, कारण त्याभोवती बरीच लाज आणि बरेच गैरसमज आहेत. भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली. मध्य भारतातला सिकलसेल १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून मांडला. त्यानंतरच्या सर्वेक्षणांत महाराष्ट्रातल्या काही आदिवासी समाजांत आणि विदर्भातल्या पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजात वाहकांचे प्रमाण मोठे आढळले. काही ठिकाणी पाचात एक वाहक सापडतो. विदर्भातल्या इतर मागास समाजांतही तो आहे.

यावरून “हा खालच्या जातींचा रोग” असे बोलणारे लोक आहेत. विज्ञान काय सांगते? १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले की ज्याच्याकडे सिकलसेलचे एकच जनुक आहे, म्हणजे जो वाहक आहे, त्याला घातक मलेरियापासून संरक्षण मिळते. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे वाहक जास्त जगले आणि हे जनुक टिकले. गडचिरोली आजही महाराष्ट्रातल्या सर्वाधिक मलेरियाग्रस्त जिल्ह्यांत मोडतो. आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा किनारा, मध्य भारताचे जंगल, सगळीकडे कथा तीच आहे. आपल्या पूर्वजांना मलेरियात जगवणारे जनुक आज दोन्ही बाजूंनी आले की लेकराला त्रास देते. त्यात पाप नाही, कलंक नाही, आईचा दोष तर अजिबात नाही. मात्र जातीतल्या जातीत लग्ने लावण्याच्या पद्धतीने हे जनुक त्याच समाजांत फिरत राहिले, हेही तितकेच खरे.

हिशेब सोपा आहे. आई आणि वडील दोघेही वाहक, म्हणजे आपल्याकडे म्हणतात तसे ‘एएस’ असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ ‘एसएस’, म्हणजे रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण मुक्त असण्याची २५ टक्के. पहिले मूल रुग्ण झाले म्हणून पुढची तीन सुटली, असे होत नाही. दर वेळी हिशेब नव्याने सुरू होतो.

पहिली वाट : कारखाना बदलणे

धान लावणाऱ्या माणसाला मूळ पेशींचे प्रत्यारोपण समजावणे अवघड नाही. ती रोवणीच आहे. आधी बांधी चिखलून जुने सगळे मोडायचे, मग दुसरीकडे वाढलेले निरोगी पऱ्हे आणून रोवायचे. प्रत्यारोपणात रुग्णाला आधी तीव्र औषधे देऊन त्याची जुनी अस्थिमज्जा मोडतात. मग दात्याच्या निरोगी मूळ पेशी शिरेतून, रक्त चढवतात तशाच, शरीरात सोडतात. या पेशी रक्तातून वाट काढत स्वतःच हाडांत पोचतात आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत नवे रक्त बनवू लागतात.

जगात या उपचाराची सुरुवात १९५०च्या दशकात डॉ. डोनॉल थॉमस यांनी केली. त्यांना १९९० मध्ये नोबेल मिळाले. भारतात पहिले यशस्वी प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे डॉ. अडवाणी स्वतः चाकाच्या खुर्चीवर वावरतात, हे इथे सांगितले पाहिजे.

सिकलसेलवर हा उपचार चालतो हे एका अर्थाने योगायोगाने कळले. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिसच्या डॉक्टरांनी एका मुलीच्या प्रत्यारोपणाचा अहवाल प्रसिद्ध केला. तिला रक्ताचा कर्करोग होता आणि सिकलसेलही. प्रत्यारोपण कर्करोगासाठी केले, पण सिकलसेलही गेला. पुढे जगभरातल्या हजार रुग्णांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्ण जुळणाऱ्या भावंडाकडून प्रत्यारोपण झालेल्या या रुग्णांपैकी पाच वर्षांनंतर सुमारे ९३ टक्के जिवंत होते आणि बहुतेकांचा सिकलसेल गेलेला होता. वय जितके कमी, तितके यश जास्त.

अडचण आहे ती ‘पूर्ण जुळणाऱ्या’ या शब्दांत. इथे नुसता रक्तगट जुळून भागत नाही. पेशींवरची एचएलए नावाची ओळखखूण जुळावी लागते. सख्ख्या भावंडात ती पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के. शिवाय ते भावंड स्वतः रुग्ण नको. दोन्ही धरले तर दोन्ही पालक वाहक असताना प्रत्येक भावंडामागे योग्य दाता असण्याची शक्यता साधारण १९ टक्के राहते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, वाहक भावंड दाता होऊ शकते. “तो पण एएस आहे, त्याचे काय घेणार” असे म्हणून तपासणीच न करणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत.

भावंड जुळले नाही तर स्वेच्छा दात्यांच्या नोंदणीत शोध घेतात. अर्धे जुळणाऱ्या आई-वडिलांच्या पेशी वापरण्याचे तंत्रही आता सुधारत आहे. पण नोंदणीत आपल्या समाजाची आणि आदिवासींची माणसेच थोडी असतील, तर आपल्या लेकरांना जुळणारा दाता कुठून मिळणार? मूळ पेशी दिल्याने माणूस दुबळा होत नाही. त्या कंबरेच्या हाडातून भूल देऊन, किंवा काही दिवस इंजेक्शन देऊन हाताच्या शिरेतून काढतात. पाठीच्या कण्याला हात लावत नाहीत. दिलेला भाग काही आठवड्यांत भरून निघतो.

धोकेही सांगितले पाहिजेत. जुनी मज्जा मोडल्यावर काही आठवडे शरीराची प्रतिकारशक्ती जवळपास शून्यावर येते. दात्याच्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर हल्ला करू शकतात. रोवलेले पऱ्हे लागत नाही, असेही कधी होते. पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. खासगी रुग्णालयात खर्च बऱ्याचदा १० लाखांच्या पुढे जातो. आणि भामरागड, एटापल्ली किंवा सिरोंचाच्या कुटुंबाला महिनोन्‌महिने मोठ्या शहरात राहायचे म्हणजे शेती, मजुरी, घरची दुसरी मुले सगळे सोडून राहणे आले.

दुसरी वाट : आपलाच कारखाना दुरुस्त करणे

दाताच नसेल तर रुग्णाच्याच मूळ पेशी काढून, त्यांतला जनुक सुधारून परत का देऊ नयेत? ही कल्पना आता प्रत्यक्षात आली आहे. आईच्या पोटात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते, त्याला गर्भातले हिमोग्लोबिन म्हणतात. त्यात हा बिघाड नसतो. जन्मानंतर एक जनुक ते बनवणे बंद करतो. ‘क्रिस्पर’ नावाच्या जनुकीय कात्रीने ही बंद करणारी कळ निकामी केली की शरीर पुन्हा गर्भातले हिमोग्लोबिन बनवू लागते आणि पेशी वाकड्या होणे थांबते. कॅसजेव्ही नावाच्या या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने मान्यता दिली. अमेरिकेत मान्यतेच्या वेळी त्याची किंमत होती २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये.

गेल्या काही वर्षांत दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी प्रयोगशाळेने असाच देशी उपचार विकसित केला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने तो ‘बिरसा १०१’ या नावाने जाहीर केला आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटकडे दिले. तो रुग्णांवरच्या चाचण्यांतून पार पडून सरकारी दवाखान्यात पोचायला वेळ लागेल. पण बिरसा मुंडांचे नाव दिलेला उपचार बिरसांच्या लेकरांना परवडला पाहिजे, ही मागणी आजपासूनच करावी लागेल.

आशेचा बाजार

आता दुसरी बाजू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत. रक्ताच्या आजारांसाठीचे मूळ पेशींचे प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे. इतर आजारांसाठी मूळ पेशींचा वापर फक्त मंजूर झालेल्या संशोधन चाचणीतच करता येतो, आणि अशा चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. तरीही स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मधुमेह, गुडघेदुखी, मणक्याची दुखापत अशा सगळ्यांवर ‘स्टेम सेलचे इंजेक्शन’ विकले जाते. शेत गहाण ठेवून असे इंजेक्शन घेऊन आलेले कुटुंब आमच्या कामाच्या गावांतही आहे. मूल होते तसेच आहे.

नाळेतल्या रक्ताचेही समजून घ्या. त्यात रक्ताच्या मूळ पेशी असतात, हे खरे. पण बाळाला सिकलसेल असेल तर त्याच्या नाळेतल्या पेशींतही तोच बिघाड असतो. ते रक्त साठवून त्याच बाळाचा सिकलसेल प्रत्यारोपणाने बरा होत नाही. घरात आधीच सिकलसेलचे मूल असेल आणि नवे बाळ निरोगी असेल, तर त्या नाळेच्या रक्ताचा उपयोग मोठ्या भावंडाला होऊ शकतो. तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने. बाकी “भविष्याचा विमा” म्हणून पैसे भरण्याला आधार नाही.

कुणी सांगितले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, मोठ्या माणसाचा शब्द म्हणून मानू नका, तपासा आणि मग स्वीकारा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. दवाखान्याच्या जाहिरातीलाही तोच नियम लावा. चार प्रश्न विचारा. हा मान्य उपचार आहे की चाचणी? चाचणी असेल तर तिची नोंदणी कुठे आहे? पैसे का घेता? धोके लेखी देता का? उत्तर टाळले तर उठून या.

तोवर काय?

प्रत्यारोपण आज सगळ्यांना मिळणार नाही. म्हणून स्वस्त आणि हाताशी असलेले उपचार सोडायचे नाहीत. हायड्रॉक्सीयुरिया ही गोळी गर्भातले हिमोग्लोबिन वाढवते. कळा कमी होतात, रक्त चढवण्याची गरज कमी होते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेळोवेळी रक्त तपासत घ्यायची असते. गरोदर राहायचे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. लसी वेळेवर द्याव्यात, भरपूर पाणी प्यावे, थंडीत आणि पहिल्या पावसात अंग सांभाळावे. सिकलसेलच्या मुलाला ताप आला तर उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

हक्कही माहीत असू द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, म्हणून दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. एसटी प्रवासात सवलत आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. वर्गातले मूल सारखे गैरहजर राहते म्हणून आळशी ठरवण्याआधी शिक्षकांना हे कळले पाहिजे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

पहिले, तपासणी. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचे उद्दिष्ट ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे आहे. अभियानाचा भर आदिवासीबहुल भागांवर आहे, तो योग्यच आहे. पण रोग जातीचा दाखला पाहून येत नाही. आपल्या बौद्ध वस्त्यांतही तपासणीचे पथक यावे यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्राला लेखी पत्र द्या. नुसती प्राथमिक चाचणी करून थांबू नका. एएस की एसएस हे पुढच्या चाचणीतच नक्की कळते.

दुसरे, लग्न. वधू-वर परिचय मेळाव्याच्या अर्जात शिक्षण-नोकरीच्या रकान्याशेजारी सिकलसेल तपासणीचा रकाना असू द्या. पण तो स्वतःहून भरायचा, कुणाची बदनामी करण्यासाठी नाही. वाहक असणे हा आजार नाही. वाहकाने लग्न करू नये असेही नाही. दोघेही वाहक असतील तर धोका समजून घेऊन, डॉक्टरांशी बोलून निर्णय त्या दोघांनी घ्यायचा आहे. आणि जात ओलांडून होणारी लग्ने या जनुकाचा हिशेबही बदलतात, हेही तरुणांनी लक्षात घ्यावे.

तिसरे, मागणी. कोल इंडिया ही सार्वजनिक कंपनी २०१७ पासून थॅलेसेमियाच्या मुलांच्या प्रत्यारोपणाला १० लाखांपर्यंत मदत देते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बहुतेक कोळशाच्या खाणी याच कंपनीच्या उपकंपनीच्या आहेत. ज्या जमिनीखालून कोळसा निघतो, त्या जमिनीवरच्या सिकलसेलच्या लेकरांना प्रत्यारोपणासाठी इतकाच भक्कम आधार मिळाला पाहिजे. विदर्भात सरकारी प्रत्यारोपणाची पुरेशी सोय, भावंडांची मोफत एचएलए तपासणी आणि रुग्णाबरोबर शहरात राहणाऱ्या कुटुंबाला निवारा, या मागण्या घेऊन लोकप्रतिनिधींकडे गेले पाहिजे.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्या दीक्षाभूमीवर दरवर्षी ऑक्टोबरमध्ये लाखो माणसे येतात. पुस्तकांच्या आणि भोजनदानाच्या मंडपांशेजारी यंदा सिकलसेल तपासणीचा आणि मूळ पेशी दात्यांच्या नोंदणीचा एक मंडप लागावा. त्यासाठी आरोग्य विभागाशी आताच बोलावे लागेल. तालुक्यातून दोन-दोन कार्यकर्ते पुढे आले तरी हे काम होण्यासारखे आहे.

जय भीम!